लॅपटॉपवर जीसीसी आहेच की, मग क्रॉस-कंपायलर काहून लागतो?

हा प्रश्न माझा नाही. आमच्या विभागात यंदा पीएच.डी.ला आलेल्या एका ज्युनिअर मुलीचा आहे. राजापेठेतल्या माझ्या खोलीवर ती बोर्ड घेऊन आली, केबल लावली आणि म्हणाली, "ताई, लॅपटॉपवर जीसीसी आहेच ना, मग हे आणखी दीडशे एमबीचं काहून टाकायचं?" मी "टाक गं, लागतं" असं म्हणून मोकळी झाले. रात्री मात्र वाटलं, हेच उत्तर मला कुणीतरी दिलं होतं आणि त्या उत्तरापायी माझे पाच महिने गेले.

तर आधी ते पाच महिने. माझं काम छोट्या बोर्डांवर चालणाऱ्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टमवर आहे. एकाच बोर्डावर दोन वेगवेगळ्या सिस्टम चालवायच्या आणि काम वेळेवर होतं की मागेपुढे होतं, ते मोजायचं. बोर्डावर कॉर्टेक्स-एम४ जातीची चिप, तिच्यात दशांश आकडेमोडीचं वेगळं हार्डवेअर. पहिल्या सिस्टमसोबत तिची स्वतःची टूलचेन आली होती, सगळं ठरवून दिलेलं. दुसरीसाठी मी एक जुनं उदाहरण उचललं आणि त्यातली कंपायलरची सेटिंग्ज तशीच ठेवली. ती सेटिंग्ज कॉर्टेक्स-एम३ची होती. एम३च्या सूचना एम४ला कळतात, त्यामुळे प्रोग्रॅम व्यवस्थित चालला. एरर नाही, वॉर्निंग नाही. दुसऱ्या सिस्टमची रीडिंग वाईट आली आणि मी तिचा शेड्यूलर मंद आहे असं छान दोन पानं लिहून टाकलं.

प्रगती सेमिनारमध्ये बाहेरून आलेल्या सरांनी एकच विचारलं, "हा फरक शेड्यूलरचा आहे की कंपायलरचा?" मला प्रश्नच कळला नाही. घरी येऊन दोन्ही फाइली ऑब्जडंपने उलगडून पाहिल्या. एकीत दशांश गुणाकाराला एक सूचना होती. दुसरीत त्याच जागी लायब्ररीतल्या एका फंक्शनला हाक मारलेली, आणि ते फंक्शन तोच गुणाकार पूर्णांकांच्या तुकड्यांनी डझनावारी सूचनांत करत होतं. माझं फिल्टरचं टास्क सीपीयू अडवून बसत होतं, खालची टास्कं ताटकळत होती, आणि दोष शेड्यूलरच्या नावावर. दोन्ही सिस्टमची नावं इथं मुद्दाम देत नाही, चूक त्यांची नव्हतीच. पाच महिन्यांची रीडिंग फेकली.

तुम्ही पेट देऊन आरआरसीच्या तयारीत असाल, सिनॉप्सिसमध्ये "एम्बेडेड" शब्द असेल, तर पुढचं सावकाश वाचा. हा प्रश्न कंपायलरच्या पुस्तकापेक्षा इतिहासातून लवकर सुटतो, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात १९६९ पासून करू. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांच्या हाती पीडीपी-७ नावाचं एक लहान, जुनं यंत्र लागलं. त्यावर प्रोग्रॅम लिहायची साधनं जवळपास नव्हती. मग त्यांनी काय केलं? प्रोग्रॅम लिहिला जीई-६३५ या मोठ्या संगणकावर. तिथल्या असेंब्लरला पीडीपी-७च्या सूचना काढायला लावल्या, कागदी फीत पंच केली आणि ती फीत हातात धरून लहान यंत्रापाशी नेली. युनिक्सचा जन्म असा दुसऱ्याच्या घरी झालाय. पुढे पीडीपी-७वर स्वतःचा असेंब्लर आणि थोडी उपकरणं तयार झाली, तेव्हा कुठे ते यंत्र आपल्या पायावर उभं राहिलं.

१९७० मध्ये हीच गोष्ट परत घडली. पीडीपी-११ उन्हाळ्याच्या शेवटी आलं, पण त्याची डिस्क डिसेंबरपर्यंत आलीच नाही. डिस्क नाही म्हणजे त्यावर बसून काही लिहायची सोय नाही. मग पीडीपी-७वर पीडीपी-११साठी क्रॉस-असेंब्लर बनला, तोही बी भाषेत, आणि केवळ मेमरीत मावेल इतकं युनिक्स त्यातून निघालं. डेनिस रिची यांनी लिहून ठेवलंय की डिस्कची वाट पाहत ते नवं यंत्र बहुतेक वेळ कोपऱ्यात बसून ६×८ च्या बुद्धिबळपटावर घोड्याच्या बंद फेऱ्या मोजत होतं. तीन महिने! मला हा प्रसंग फार आवडतो. आपल्या टेबलावरचा बोर्डही टूलचेन नीट बसेपर्यंत असाच एलईडी लुकलुकवत बसलेला असतो.

यातून पहिलं, सोपं उत्तर मिळतं. ज्या यंत्रावर कंपायलर मावत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या यंत्रावर कंपाइल करावं लागतं. १९७३ च्या सुमारास गॅरी किल्डॉल यांनी इंटेलसाठी पीएल/एम भाषेचा कंपायलर केला तो याच कारणानं फोरट्रानमध्ये, मोठ्या संगणकांवर चालणारा, आणि सूचना काढणारा इंटेलच्या ८-बिट चिपच्या. त्याच पीएल/एममध्ये त्यांनी पुढे सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टम लिहिली. १९७५ चं आल्टेअर बेसिकही असंच. पॉल ॲलन यांनी हार्वर्डच्या पीडीपी-१०वर ८०८० चिपचा सिम्युलेटर केला आणि बिल गेट्स, ॲलन दोघांनी खरी चिप हाताळण्याआधीच बेसिक लिहून काढलं. फीत घेऊन ॲलन विमानात बसले आणि उतरायच्या वेळी त्यांच्या लक्षात आलं, की फीत मेमरीत ओढून घेणारा छोटा बूटस्ट्रॅप लोडर लिहिलेलाच नाही. तो त्यांनी विमानातच कागदावर लिहिला.

हा लोडरचा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरं काही दिसतं. तुमचा main() चालू होण्याआधी कुणीतरी स्टॅकचा पत्ता ठरवतं, कुणीतरी व्हेरिएबलच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमधून रॅममध्ये कॉपी करतं, उरलेली जागा शून्य करतं. लॅपटॉपवर हे सगळं जीसीसी गुपचूप जोडतो, म्हणून आपल्याला ते आहे हेच माहीत नसतं. बोर्डावर ते जोडणारा कंपायलर वेगळा असतो, कारण तिथली जमीन वेगळी असते.

आता आपल्याकडं येऊ. मूर्तिजापूर तालुक्यातलं मुरंबा हे विजय भटकर यांचं गाव. बडनेऱ्याहून अकोल्याला रेल्वेनं जाताना मूर्तिजापूर मध्येच लागतं, तुमच्यापैकी कित्येक जण तिथून गेले असतील. अमेरिकेकडून हवा तसा क्रे सुपरकॉम्प्युटर मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक सुरू झालं आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एवढं आपण सामान्य ज्ञानासाठी पाठ करतो. परम ८००० च्या आत काय होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आत होते ६४ ट्रान्सप्युटर. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची टी८०० ही चिप: ३२ बिटची, दशांश गणिताचं युनिट आतच, चिपवर ४ केबी मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक.

सुपरकॉम्प्युटरबद्दल एम्बेडेडच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण एकेक ट्रान्सप्युटर बघा: ना कीबोर्ड, ना डिस्क, ना स्वतःचा कंपायलर. प्रोग्रॅम होस्ट संगणकावर कंपाइल व्हायचा आणि लिंकमधून आत जायचा. चिपला लिंकवरून बूट व्हायला सांगितलं की ती पहिल्या बाइटची वाट बघायची. बाइट ० असला तर "मेमरीत हे लिही", १ असला तर "मेमरीतलं वाचून दाखव", आणि त्याहून मोठा असला तर "यापुढचे इतके बाइट हा तुझा प्रोग्रॅम, घे आणि चालव". पहिला नोड जागा झाला की तो शेजारच्याला जागं करायचा, तो पुढच्याला. म्हणजे परम हा एका अर्थानं ६४ एम्बेडेड बोर्डांचा संसार होता, आणि त्याचा सगळा स्वयंपाक होस्टवर व्हायचा.

आणि इथंच ती खरी गोष्ट आहे. ट्रान्सप्युटरमध्ये शेड्यूलर हार्डवेअरमध्येच होता. दोन प्राधान्याच्या रांगा, प्रक्रिया सुरू करायला आणि थांबवायला थेट मशीनच्या सूचना. ऑकम भाषेत तुम्ही "या दोन गोष्टी सोबत चालव" असं लिहिलं की कंपायलर ऑपरेटिंग सिस्टमला हाक मारत नसे. तो सरळ प्रक्रिया सुरू करणारी सूचनाच लिहून द्यायचा. मग सांगा, ऑपरेटिंग सिस्टम कुठं संपली आणि कंपायलर कुठं सुरू झाला? अशा यंत्राला दुसऱ्या कुठल्या यंत्राचा, दुसऱ्या कुठल्या सिस्टमचा कंपायलर चालणारच नाही, कारण सिस्टमचं निम्मं काम कंपायलरच करतोय. सीडॅकनं परमसाठी 'पारस' नावाचं प्रोग्रॅमिंग वातावरण उभं केलं. आपण यंत्राचं कौतुक करतो, पण माझ्या मते या वातावरणाचा इतिहास कुणीतरी नीट लिहायला हवा. प्रबंधाचा विषय आहे तो, घ्या कुणी.

पुढे परम ८६०० मध्ये इंटेलची आय८६० चिप आली. कागदावर वेग जबरदस्त, पण तिच्या पाइपलाइनी प्रोग्रॅमनं स्वतः हाताळायच्या होत्या आणि जगभरात कुठल्याच कंपायलरला ते नीट साधलं नाही. कागदावरचा वेग आणि हाती येणारा वेग यांत मोठी दरी राहिली. चिप बदलली की टूलचेन पहिल्यापासून, हा धडा त्या पिढीनं चांगलाच घेतला असणार.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं वेगळ्या चिपचं झालं. चिप तीच असेल तर? माझा बोर्ड आर्मचा, रास्पबेरी पायही आर्मचा. पायवरचाच जीसीसी का नको?

इथं मूर्तिजापूर पुन्हा कामी येतं. तिथून शकुंतला रेल्वेची नॅरो गेज गाडी यवतमाळ आणि अचलपूरकडं जायची, रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. मुंबई-नागपूर मुख्य मार्ग ब्रॉड गेज, १६७६ मिलिमीटर. कापूस तोच, गठाणी त्याच, स्टेशनही तेच. पण शकुंतलेचा डबा मोठ्या रुळांवर ढकलता येत नसे, माल उतरवून परत भरावा लागायचा. कंपायलरच्या भाषेत रुळांतल्या या अंतराला एबीआय म्हणतात. फंक्शनला दशांश संख्या द्यायची तर ती साध्या आर० रजिस्टरमधून द्यायची की दशांशाच्या एस० मधून, इथं उत्तर वेगळं आलं की गेज वेगळं झालं. हा फरक निदान लिंकर पकडतो आणि जोडायला नकार देतो. माझी चूक लिंकरनं पकडली नाही, कारण तिथं गेज जुळत होतं, इंजिन तेवढं जुनं होतं.

एक्स८६-६४ वर तर याहून चमत्कारिक उदाहरण आहे. तिथल्या लिनक्सच्या एबीआयनुसार स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट फंक्शननं न विचारता वापरायला हरकत नाही. याला रेड झोन म्हणतात. साध्या प्रोग्रॅममध्ये हे सुरक्षित, कारण कर्नल त्या जागेला हात लावत नाही. पण तुम्ही स्वतःच कर्नल लिहीत असाल तर? इंटरप्ट आला की हार्डवेअर त्याच स्टॅकवर, नेमकं त्याच जागी, रजिस्टरं लिहून टाकतं आणि फंक्शनची व्हेरिएबलं उडतात. तीही रोज नाही, कधीतरी. म्हणून कर्नलसाठी रेड झोन बंद करून कंपाइल करतात. तुमचा सगळा कोड तसा केला, पण जीसीसीसोबत येणारी लिबजीसीसी ही मदतनीस लायब्ररी आधीच रेड झोन धरून बनलेली असली तर? तिच्यासाठी वेगळा कंपायलर बांधणं आलंच.

लिनक्स कर्नल नेहमीच्याच जीसीसीनं कंपाइल होतं, मग वेगळं कशाला, असा एक बरोबर आक्षेप आहे. होतं खरं. पण तो कर्नल सी लायब्ररीकडून काहीच घेत नाही, लागेल ते स्वतः लिहितो आणि नको त्या गोष्टी एकेक करून बंद करतो. एवढी माणसं आणि एवढी वर्षं तुमच्यामाझ्या प्रकल्पाजवळ नाहीत. आपल्याला मेमरी वाटायला मॅलॉक लागतो, छापायला प्रिंटएफ लागतो, कधी सी++ लागतं. आणि मॅलॉकपाशी येऊनच "स्वतःचा कंपायलर" या शब्दाचा खरा अर्थ कळतो.

एक प्रयोग करा, दोन मिनिटांचा आहे. लॅपटॉपच्या जीसीसीला डॅश व्ही देऊन चालवा. खाली "थ्रेड मॉडेल" अशी ओळ येईल, लिनक्सवर तिथं "पॉझिक्स" लिहिलेलं असेल. आता आर्म-नन-ईएबीआय हा नेहमीचा बोर्डाचा कंपायलर घ्या आणि तेच करा. तिथं येईल "सिंगल". त्याच्या नावातला "नन" म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम कोणतीच नाही. हा कंपायलर बांधला गेला तेव्हा त्याला सांगितलं होतं, की जगात एकच काम एका वेळी चालतं. त्याच्यासोबतच्या न्यूलिब लायब्ररीत मॅलॉकच्या आधी कुलूप लावायची जागा ठेवलेली असते, पण कुलूप रिकामं. कारण कुलूप कुणाचं लावायचं हे ऑपरेटिंग सिस्टम ठरवते आणि इथं तीच नाही.

अशा कंपायलरवर तुम्ही चार टास्कची सिस्टम चालवलीत, दोन टास्कांनी एकाच वेळी मेमरी मागितली, की मेमरीची वही फाटते. प्रोग्रॅम तिथं मरत नाही. पुढं कुठंतरी, भलत्याच ओळीवर मरतो आणि आपण त्या ओळीत चूक शोधत बसतो.

म्हणून काही सिस्टम आपली टूलचेन स्वतः बांधून देतात. आरटीईएमएसच्या कंपायलरच्या नावातच सिस्टमचं नाव आणि आवृत्ती असते आणि थ्रेड मॉडेलच्या जागी "आरटीईएमएस" लिहिलेलं असतं. म्हणजे लायब्ररीला कुलूप कुणाकडं मागायचं ते ठाऊक आहे. झेफिरही आपल्या एसडीकेमध्ये आपल्या नावाचे कंपायलर देतं. फ्रीआरटीओएसनं दुसरी वाट घेतली: कंपायलर साधाच ठेवा, पण एम३ आणि एम४एफ साठी कर्नलचे वेगळे पोर्ट घ्या आणि न्यूलिब वापरायची असेल तर सेटिंगमध्ये तसं सांगा. पोर्ट वेगळे का, तर इंटरप्टच्या वेळी दशांश रजिस्टरं वापरात नसतील तर चिप ८ शब्द स्टॅकवर टाकते आणि असतील तर २६. कर्नलला ही बेरीज चुकून चालत नाही. ही वाट स्वस्त आहे, पण जबाबदारी तुमच्या गळ्यात. माझ्या गळ्यात होती, मला माहीत नव्हतं.

क्लँगवाले इथं हसतील. त्यांचा एकच कंपायलर सगळ्या चिपांसाठी सूचना काढतो, नुसतं टार्गेट सांगायचं. बरोबर आहे. पण हेडर फाइली, सी लायब्ररी, स्टार्टअप कोड, लिंकर स्क्रिप्ट त्यालाही बाहेरून द्यावीच लागते. सूचना काढणारा भाग फार तर सामाईक होतो, बाकीचा संसार ज्याचा त्याचा.

सीडॅकनंच आता वेगा मालिकेचे प्रोसेसर केलेत, त्यातली तेजस३२ ही चिप एरिझ बोर्डावर मिळते. आर्डुइनोसारखा बोर्ड आहे, कॉलेजांमध्ये दिसायला लागलाय. तिचा सूचनासंच आरव्ही३२आयएम, म्हणजे गुणाकार-भागाकार आहे, पण दशांशाचं हार्डवेअर नाही आणि आखूड सूचनाही नाहीत. आखूड सूचना धरून बांधलेली आरव्ही३२आयएमएसी लायब्ररी तुम्ही जोडलीत तर चिप त्या सूचनेपाशी अडकते. रिस्क-व्ही सगळीकडं एकच, असं समजून चालू नका.

ज्यांना आतून बघायचंय त्यांनी आयआयटी मुंबईत उदय खेडकर सरांच्या पुढाकारानं चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या कार्यशाळांचं साहित्य बघावं. त्यात स्पिम या सिम्युलेटरसाठी जीसीसीचं मशीन वर्णन पायरीपायरीनं वाढवत नेलंय. आधी अगदी नावापुरतं चालणारं, मग एकेक सूचना वाढवलेलं. मी ते पाच महिने वाया घालवल्यानंतर वाचलं.

त्या ज्युनिअरला दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं, राजापेठ बसस्टँडजवळ चहा पिता पिता. तिनं वही काढून पहिल्या पानावर कंपायलरचं पूर्ण नाव, आवृत्ती, थ्रेड मॉडेल आणि सेटिंगची अख्खी ओळ लिहून घेतली, अजून एकही रीडिंग घेतलेलं नसताना. मग म्हणाली, "ताई, तुमच्या जुन्या रीडिंगची फाइल देता का? दोन्ही सिस्टम एकाच सेटिंगवर आणल्यावर फरक किती उरतो ते मला बघायचंय." मी केलंय ते. बहुतेक सगळा फरक गेला. जो थोडासा उरलाय, तो आता माझ्या चौथ्या प्रकरणात आहे, आणि तो शेड्यूलरचा की लायब्ररीतल्या कुलपांचा, ते मी सध्या शोधतेय.